शून्य भरलेला रकाना

मनुष्याचा देह नश्वर आहे, पण दिलेला अवयव काळावर मात करतो. हे वाक्य आमच्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, सोनेरी अक्षरांत लावलेलं आहे. चार वर्षं मी ते आठवड्यातून तीनदा वाचलं, कारण लिफ्ट यायला तेवढा वेळ लागायचा. अवयव काळावर मात करतो की नाही, ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे आलेला अवयव लिफ्टसारखाच निघाला. येणार म्हणून सगळे उभे, आणि कधी ते कुणालाच सांगता येईना. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती, तो आला असं आधीच जाहीर करून त्याचा सत्कार उरकणाऱ्यांबद्दल.

'आमचं हॉस्पिटल' म्हणते ते मालकीनं नव्हे, सहवासानं. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि त्याचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हापासून त्या इमारतीत माझे जितके तास गेले तितके माझ्या कॉलेजच्या लायब्ररीतही गेले नसतील, आणि तिथे मला पगार मिळायचा. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग मोजायचा, बसला तर पास, नाही तर बाजूला. अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, "दिवसाला आठशे मिलीच्या वर पातळ काही घ्यायचं नाही. चहा, आमटी, ताक, सगळं धरून." त्यानं त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली, पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारली, डावीकडे 'आत' लिहिलं, उजवीकडे 'बाहेर'.

'आत'मध्ये काय काय असायचं! चहा नव्वद. आमटी एक पळी, चाळीस, डाळ वजा जाता तीस. मिसळ कोरडी, रस्सा शून्य. द्राक्षांच्या गावात राहून चार वर्षं द्राक्ष नाही, कारण त्यातलं पोटॅशियम किडनी नसलेल्या माणसाला चालत नाही. आणि 'बाहेर'मध्ये रोजची लघवी, मापाच्या भांड्यात मोजून. कारण जुन्या किडन्या मेल्या असं सगळे म्हणत असले तरी त्या रोज तीनशे मिली लघवी करत होत्या. कधी दोनशे ऐंशी, कधी तीनशे वीस. तिच्यातून पाणी तेवढं बाहेर पडायचं, रक्तातली घाण पडायची नाही. घाणीसाठी मशीन. पण तीनशे मिली इमानेइतबारे यायची, आणि ती चार वर्षं वहीत नोंदवलेली होती.

हे एवढ्या तपशिलानं सांगते कारण पुढचं सगळं त्या तीनशेवर उभं आहे.

फोन आला तो सकाळी. दुसऱ्या एका शहरातल्या कुणा घरानं, आपलं माणूस परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर, त्याचे अवयव द्यायला होकार दिला होता. त्यातली एक किडनी आमच्या वाट्याला. देणारं कोण हे आम्हाला कळू द्यायचं नसतं आणि ते बरोबरच आहे. फक्त वय कळलं. एकसष्ट. नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठं.

किडनी बर्फाच्या खोक्यातून, पोलिसांनी मोकळ्या केलेल्या रस्त्यानं आली. मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघत होते. खोका गाडीतून उतरला, फोटो निघाले. मग गडबड झाली, आणि खोका पुन्हा गाडीत गेला. संचालक पोचायचे होते. ते पोचले, कोट नीट केला, आणि खोका दुसऱ्यांदा उतरवण्यात आला. मधे चौदा मिनिटं गेली. बर्फातला प्रत्येक तास किडनीला महागात पडतो, असं याच हॉस्पिटलनं छापलेल्या माहितीपत्रकात लिहिलं आहे. मिनिटांबद्दल माहितीपत्रक काही म्हणत नाही.

ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर हातात टॅब्लेट घेऊन आमच्या खोलीत आला. मुलगा हुशार होता, आणि समजावायचा छान.

"नवी किडनी बसवली की नळ सोडल्यासारखी लगेच चालू होते, असं नसतं काकू. काही काही झोपून राहतात. आठवडाभर, कधी जास्त. तोपर्यंत डायलिसिस चालूच ठेवावं लागतं. कुठली झोपणार, कुठली नाही, याचा अंदाज आता हा प्रोग्रॅम देतो. आपल्याकडे नवीनच घेतलाय."

प्रोग्रॅम एकेक विचारत होता. देणाऱ्याचं वय. बर्फातले तास. डायलिसिसची वर्षं. डॉक्टर बोटानं भरत होता आणि स्वतःशीच बोलत होता.

"ऑपरेशनआधीची रोजची लघवी... निल."

"तीनशे," मी म्हणाले.

"काय तीनशे?"

"मिली. रोजची. वही आहे."

"चार वर्षं डायलिसिसवर आहेत ना काका? मग निलच धरतात."

"धरतात म्हणजे?"

"म्हणजे प्रॅक्टिकली निल."

"आमच्याकडे प्रॅक्टिकली तीनशे आहे."

नवरा पलंगावरून म्हणाला, "काल दोनशे नव्वद." डॉक्टर हसला. काळजीनं घायकुतीला आलेल्या बायकांसाठी शिकलेली मुलं एक खास हसू राखून ठेवतात, ते. "काकू, मोजामोजीची आमच्याकडे सोय आहे. वही आता आराम करू दे." आणि त्यानं शून्य दाबलं.

तो रकाना कशासाठी होता, ते मी नंतर त्याच्याकडूनच समजून घेतलं. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी जेवढी लघवी होईल, तिच्यातून प्रोग्रॅम जुन्या किडन्यांची वजा करतो आणि उरलेली नव्या किडनीच्या खात्यावर धरून अंदाज सुधारतो. साधी वजाबाकी. त्या सबंध हॉस्पिटलात योग्य प्रश्न विचारणारा तो प्रोग्रॅम एकटाच होता, आणि त्याला माणसांनी चुकीचं उत्तर दिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पहिल्या चोवीस तासांत लघवी आली साडेचारशे मिली. टॅब्लेटवर हिरवं वर्तुळ उमटलं. पिशवी रिकामी करणाऱ्या मावशी, मूळच्या येवल्याकडच्या, माझ्यापेक्षा खूश. "बाई, लय झाली की! पेढे कधी?"

मी मनात वजाबाकी केली. उरले दीडशे. त्यात सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या, लघवी वाढवायचं इंजेक्शन. एवढ्यावर जुन्या दोघींनीच थोडा जोर लावला असेल तर नव्या पाहुणीनं केलं काय? रक्ताचा रिपोर्ट आला. त्यातली घाण, जी उतरायला हवी होती, ती चढलेली. तरुण डॉक्टर म्हणाला, "सुरुवातीला होतं असं. हिरवं आहे ना."

त्या दिवसापासून हिरवं आहे ना, हे सगळ्याचं उत्तर झालं. हिरवं होतं म्हणून संचालक स्वतः आले आणि दारातूनच हात जोडून म्हणाले, की मृत दात्याची किडनी बसवण्याची या हॉस्पिटलातली ही पहिलीच वेळ, तेव्हा परवा सकाळी अकराला छोटासा कार्यक्रम आहे. मान्यवर त्याच दिवशी मोकळे आहेत. हिरवं होतं म्हणून सिस्टरनं पाण्याचा जग भरून ठेवला. "काका, आता मनसोक्त प्यायचं. तीन लिटरची ऑर्डर आहे. नव्या किडनीला पाणी लागतं."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. चार वर्षं ज्या माणसानं तहान लागली की बर्फाचा एक खडा तोंडात धरून तो किती वेळ पुरतो ते बघितलं, त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता संपवला. मग म्हणाला, "गंगापूर धरणाच्या पाण्याला चव असते, हे विसरलोच होतो गं."

"वहीत लिही," मी म्हणाले. लोकांत मी त्याला अहो म्हणते, पण खोलीत आम्ही दोघंच होतो.

"आत दोनशे," तो म्हणाला. "अजून एक घेतो."

मी त्याला थांबवलं नाही. जुन्या किडन्यांचा हिशेब त्या इमारतीत दुसऱ्या कुणाच्या डोक्यात नव्हता, माझ्या होता. चार वर्षांत त्याच्या हातातून मी किती भांडी काढून घेतली असतील. त्या दिवशी हात पुढे झाला नाही. संतापाचा हा मजकूर लिहिताना ही ओळ वगळणं सोयीचं होतं, म्हणूनच ती इथे ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे सुजून बारीक झाले होते. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून पाठीशी दोन उशा घेऊन बसला होता. वजन चार किलोंनी वाढलेलं. वही पुढे करून तो म्हणाला, "सलाईन धरून दोन दिवसांत आत सव्वापाच लिटर. बाहेर साडेआठशे मिली. हा माल मी पास केला नसता."

मी तरुण डॉक्टरला शोधायला गेले. तो सापडला तळमजल्याच्या हॉलमध्ये, प्रोजेक्टरची वायर जोडताना. "काकू, कार्यक्रम झाला की लगेच येतो. काका मोठ्या पडद्यावर दिसणार आहेत, बघा." मी परत वळले तोवर एका बाईंनी माझा हात धरून मला पहिल्या रांगेत बसवलं आणि छातीला बिल्ला लावला. बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'लाभार्थी कुटुंब'.

मान्यवर पाऊण तास उशिरा आले. दीप लागला. कार्यक्रमाला हातभार लावणाऱ्यांची नावं वाचून झाली, ती बरीच होती. मग सूत्रसंचालक म्हणाला, "अज्ञात दात्यालाही आपण विसरून चालणार नाही," आणि लगेच विसरला. ज्या घरात अजून तेरावंही झालं नसेल, त्या घरासाठी सबंध सकाळी खर्च झालेलं वाक्य ते एवढंच.

संचालक उठले. "मित्रहो, ही किडनी शस्त्रक्रियेच्या पहिल्याच दिवशी कार्यान्वित झाली. चोवीस तासांत साडेचारशे मिली!" हॉलमध्ये टाळ्या झाल्या. लघवीला टाळ्या पडताना मी आयुष्यात प्रथमच ऐकल्या. त्यातली बरीचशी त्या किडनीची नव्हती, हे बाजूला ठेवू.

तेवढ्यात पडदा उजळला आणि नवरा दिसला. उशांना टेकून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. कॅमेऱ्यामागून कुणी तरी सांगितलं असणार, म्हणून त्यानं हात वर केला आणि हलवला. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. मला मंचावर बोलावलं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, त्याच्यावर एक चकचकीत करंडक आला, आणि वर माइक.

"आभारी आहे," मी म्हणाले. "ही लघवी जुन्या किडन्यांची आहे. त्या रोजच तीनशे करायच्या. नवी अजून सुरू झालेली नाही. आमच्या ह्यांना दम लागलाय, मागे बघा, पडद्यावर दिसतायत. त्यांना आत्ता डायलिसिस लावा."

सूत्रसंचालकानं माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला. "ताई भावुक झाल्या आहेत," तो म्हणाला. "साहजिक आहे. ताईंसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

आणि झाल्या.

मी मंचावरून उतरले ती शालीसकट. लिफ्टपाशी थांबले नाही, जिन्यानं गेले, आणि पहिल्या मजल्यावर किडनीच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत, बाहेर बसलेल्या पेशंटना ओलांडून, शिरले. ते कार्यक्रमाला नव्हते. रोजची ओपीडी चालू होती. माझ्याकडे, शालीकडे, करंडकाकडे त्यांनी क्रमानं बघितलं. मी एका दमात सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"आधी किती व्हायची?"

हा प्रश्न माणसाच्या तोंडून ऐकायला मी तीन दिवस थांबले होते. "तीनशे."

ते पेन तिथेच टाकून उठले. खोलीत येऊन छाती ऐकली, पाय दाबून बघितले, वहीची शेवटची चार पानं वाचली. "मशीन लावा. आत्ता. आणि पाणी बंद."

सिस्टर म्हणाली, "सर, टेक्निशियन खाली आहे. अल्पोपाहाराला."

"मग त्याला वर आणा."

टेक्निशियन आला तेव्हा त्याच्या हातात अर्धा बटाटावडा होता. त्याचा काही दोष नव्हता. बिचाऱ्यानं तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला, हात धुतले आणि मशीन लावलं. संध्याकाळपर्यंत साडेतीन लिटर पाणी निघालं, आणि नवरा त्या दिवशी प्रथमच आडवा झाला.

मोठे डॉक्टर जाताना थांबले. "किडनी झोपली आहे. देणाऱ्याचं वय आणि बर्फातले तास बघता मला ते आधीच वाटायला हवं होतं. मी हिरवं वर्तुळ बघितलं आणि ऑर्डरवर सही केली. वही मागितली नाही."

"कधी उठेल?"

"सांगता येत नाही. बहुतेक उठतात. आठवडा, दोन आठवडे. क्वचित एखादी उठतच नाही."

त्या इमारतीत ऐकलेलं हे पहिलं वाक्य, जे कुणी सोनेरी रंगात रंगवणार नाही. मी त्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर आला. रात्री त्यानं शून्याच्या जागी तीनशे भरून पाहिले होते. वर्तुळ लाल झालं होतं. त्यानं मोबाइल काढला. मग म्हणाला, "काका, वहीचा फोटो काढू?"

"काढ," नवरा म्हणाला. "पण वरची तारीख आली पाहिजे."

त्या मुलावरचा माझा राग तिथे संपला. बाकीचा शाबूत आहे. त्याच दिवशी पेपरात बातमी आली, 'किडनी पहिल्या दिवसापासून कार्यरत', सोबत शाल पांघरलेली मी. संचालक खोलीत आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "डायलिसिस हा शब्द बाहेर जायला नको. लोकांचे गैरसमज होतात. आपण त्याला सपोर्ट म्हणू."

"कुणाला सपोर्ट?" मी विचारलं.

त्यांना कुठून तरी फोन आला.

पुढचे दिवस मी वर्णन करणार नाही, कारण त्यांत काहीच झालं नाही आणि तेच त्यांचं भय होतं. पुन्हा आठशे मिली. पुन्हा बर्फाचा खडा. एक दिवसाआड मशीन. रोज सकाळी लघवी मोजायची, तीनशे वजा करायची, आणि उरलेल्याकडे बघायचं. चाळीस. साठ. एक दिवस तर उणे दहा आले. कुणा अनोळखी घरानं आपलं माणूस गमावून दिलेली वस्तू नवऱ्याच्या पोटात निपचित पडलेली होती, आणि तळमजल्यावर तिच्या यशाचा फ्लेक्स झळकत होता. मी येता-जाता त्या फ्लेक्सकडे असं बघायचे की वॉचमन मला बघून दुसरीकडे तोंड करायचा. तो काढायला मी लेखी अर्जही दिला. उत्तर आलं नाही.

नवरा शांत होता. "तिला वेळ दे," म्हणायचा. "एवढा प्रवास करून आलीय. त्यात दोन-दोनदा फोटो."

बाराव्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून त्याला सारखं उठावं लागायला लागलं. दोनशे. मग दोनशे तीस. मग परत. तीनशेचा आकडा आठच्या आधीच मागे पडला. दहाच्या सुमारास एक लिटरचं मापाचं भांडं काठोकाठ भरलं. ते ओतून टाकायचं नव्हतं, कारण मोठ्या डॉक्टरांनी ते स्वतः बघायचं ठरवलं होतं. मावशी दुसरं भांडं आणायला तळमजल्यावर गेल्या.

"लवकर या म्हणावं," नवरा म्हणाला.

"लिफ्टनं गेल्यात."

त्यानं खोलीभर नजर फिरवली. टेबलावर नारळ होता, औषधं होती, आणि करंडक होता. माझ्याकडे बघून त्यानं भुवई उंचावली. मी करंडक दिला.

डॉक्टर आले तेव्हा मावशी अजून यायच्या होत्या. त्यांनी भांडं बघितलं, करंडक बघितला, आणि रक्त तपासायला पाठवलं. दुपारी रिपोर्ट आला. घाण पहिल्यांदाच मशीनशिवाय उतरली होती. त्यानंतर मशीन लागलं नाही.

संध्याकाळी नवऱ्यानं मावशींकडून करंडक घासून घेतला, पाण्यानं काठापर्यंत भरला, मापाच्या भांड्यात ओतून पाहिला आणि दिवसाची नोंद पुरी केली. करंडकात तीनशे ऐंशी मिली मावतं. गळती नाही.